नवव्या नळीतला गाळ

स्टँडवर नऊ नळ्या होत्या. आठ स्वच्छ गुलाबी. नववीत गुलाबी रंगात दूध मिसळल्यासारखा गढूळपणा. यंत्राने तिचा कोलेस्ट्रॉलचा आकडा दिला : ३४२.

नववी नळी पारोळ्याच्या झुलाल आबांची. १९९१च्या फेब्रुवारीत ३०१, जूनमध्ये ३२४, आता ऑक्टोबरमध्ये ३४२. जळगावच्या या लॅबचे आधीचे दोन्ही रिपोर्ट इथला तंत्रज्ञ लीलाधर यानेच सही करून दिले होते.

आबा भिंतीला टेकून उभे होते. पाठ दुखत असल्यामुळे त्यांना बाकावर बसवत नव्हतं. बाकावर त्यांची बायको सुंदरबाई होती.

"कितला?" तिने विचारलं.

लीलाधरने आकडा सांगितला.

"देखा!" ती नवऱ्यावर उखडली. "डॉक्टरनी तेल बंद कयं. डबाले कुलूप, चावी मन्हा पदरले. तरी वाढस! कोठे जाईसन खातस तुम्ही?"

"कोठेच नही. घरमा दिवाले तेल शे, माले नही." आबा लीलाधरकडे वळले. "भाऊ, आठ महिना व्हयनात, वरणबी फोडणीबिगर खास. तुम्हीच सांगा हिले."

लीलाधरने नळी खिडकीच्या उजेडात धरली. यंत्राला गढूळपणाही रंगच वाटतो, हे तो शिकला होता. आजवर त्याने आकडा पाहिला होता, नळी नाही.

त्याने ती सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवली. तळाशी पांढरा गाळ बसला. वरचा स्वच्छ द्रव त्याने पुन्हा मोजला. १६८.

"आबा, चूक माझी. तुमचं कोलेस्ट्रॉल कधी वाढलंच नव्हतं."

सुंदरबाईने पदराची गाठ सोडली. नवऱ्याकडे न बघता चावी त्यांच्या हातात दिली.

"चाल," आबा हसले. "आज भरीत कर. तेलमा बुडेल. आते पाठबी बरी व्हई." त्यांनी पिशवी उचलली.

लीलाधर अजून गाळाकडेच बघत होता. तपासणीचं रसायन घालताच असा गाळ बसतो, तेव्हा रक्तात प्रथिनं फार असू शकतात; आणि सोबत पाठ दुखत असेल, तर तो अस्थिमज्जेचा कर्करोगही असू शकतो. रिपोर्टच्या फॉर्मवर प्रथिनांची छापील मर्यादा होती : सहा ते आठ.

"आबा, पाठ कधीपासून दुखते?"

"संक्रांतपाईन. का बरं?"

"थोडं थांबा. आणखी एक तपासणी करतो."

"आते कसानी?"

आबांनी पिशवी खाली ठेवली नाही. लीलाधरने उरलेल्या रक्तद्रवाचा थेंब प्रथिनं मोजायच्या निळ्या द्रावणात सोडला. द्रावण गर्द जांभळं झालं. त्याने दोनदा मोजलं.

दोन्ही वेळा ११.४.