बारीक जाळी

त्या इंजिनातून हवा आवाजाच्या तिप्पट वेगाने जाते. तिच्यात सोडलेलं इंधन क्षणात मिसळलं तर पेटणार, नाहीतर कोरडं ठणठणीत इंजिन मागे ठेवून बाहेर पडणार. माझ्या संगणकावरच्या हिशेबात ते काही केल्या मिसळत नव्हतं.

"मागच्या खेपेला तर झकास मिसळलं होतं!" सर माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले.

"सर, हिशेबासाठी इंजिनातली जागा चौकोनांच्या जाळीत विभागतो ना, तेव्हा ती जाळी मोठ्या चौकोनांची होती. चौकोनात थेंबभर इंधन आलं, तरी संगणक ते चौकोनभर पसरलं असं धरून चालतो. जाळी बारीक केल्यावर खरं काय ते दिसलं."

"ही नसती उठाठेव सांगितली कुणी? उद्या वरची मंडळी येताहेत. कर परत मोठे चौकोन."

"पण सर, खऱ्या इंजिनात..."

"खऱ्या इंजिनाचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर इंधन असं एकजीव झालं की मंडळींनी टाळ्या वाजवत चाचणीला मंजुरी देऊन टाकली.

चाचणीत इंजिन पेटलंच नाही. सगळं इंधन मागून सुसाट बाहेर पडलं आणि मागची भिंत न्हाऊन निघाली.

चौकशी समितीपुढे सर जराही गडबडले नाहीत. "आमच्या हिशेबात तसूभर चूक नाही. खऱ्या हवेचीच जाळी गरजेपेक्षा बारीक निघाली."

समितीने गंभीरपणे माना डोलावल्या. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"ती हवेची जाळी मोठी करून द्यायला तुम्हाला किती दिवस लागतील?"