एकतीस सामने, चार गोल

एकतीस सामने, चार गोल. सरांनी कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचला. आकडा तोच. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. पोराचं वाईट झालं म्हणून आपल्याला हायसं वाटावं, ही काय माणसाची रीत झाली?

पण वाटलं खरं. दोन वर्षं ही गोष्ट त्यांना आतून खात होती. काडी बारा वर्षांचा असल्यापासून क्लबात त्यांच्याच हाताखाली फुटबॉल शिकून तयार झालेला. अंगाने नावासारखाच, पण गोलसमोर चेंडू मिळाला की काम फत्ते. एकोणिसाव्या वर्षी त्याला क्लबच्या मोठ्या संघात घ्यायची वेळ आली, तेव्हा जागा एकच होती आणि अध्यक्षांचा भाचाही पुढच्याच फळीत खेळत होता. सरांनी भाच्याला घेतलं. घरात दोन मुलींची शिक्षणं चालू, निवृत्तीला सहा वर्षं बाकी, अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार? काडी शहराच्या टोकाच्या एका छोट्या क्लबात गेला. तेव्हापासून सर तोंड चुकवत होते. एकदा बाजारात त्याची आई दिसली, तर हे गृहस्थ भाजी तोलायला लावून तशीच सोडून दुसऱ्या गल्लीने घरी आले.

सोडलेल्या खेळाडूला दोन वर्षांच्या आत परत बोलावता येतं, असा क्लबचा नियम होता. काडीची मुदत आज दुपारी बाराला संपत होती. ऑफिसने त्याच्या खेळाडू-कार्डावरची नोंद उतरवून पाठवली होती. फॉरवर्ड, एकतीस सामने, चार गोल. खाली सरांनी फक्त 'घ्यावा' किंवा 'नको' एवढंच लिहायचं. एकविसाव्या वर्षी हुकलेली संधी पुन्हा दार वाजवायला येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी पेन अडखळलं नाही. पुढे खेळून चारच गोल करणाऱ्याला कोणता शहाणा माणूस परत बोलावेल? म्हणजे तेव्हा भाच्याला घेतलं तेही फारसं चुकलं नव्हतं म्हणायचं. त्यांनी 'नको' लिहिलं, सही ठोकली आणि कागद कारकुनाच्या हातात दिला.

जेवायला घरी गेले तर दोनदा आमटी मागून घेतली. बायको म्हणाली, "आज काय लॉटरी लागली का?" सर नुसतेच हसले. मग त्यांच्या मनात आलं, आता त्या पोराला भेटायला काय हरकत आहे? पाठीवर हात ठेवावा, चार समजुतीचे शब्द बोलावेत. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्याच्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं होतं.

छोट्या क्लबचं मैदान अगदीच उघडंबोडकं होतं. चुन्याच्या रेघा अर्ध्या पुसलेल्या, कपडे बदलायला पत्र्याची शेड. सामना चालू होता. सरांनी पुढची फळी न्याहाळली. काडी दिसेना.

"बसवलाय वाटतं आज त्याला?" त्यांनी तिथल्या प्रशिक्षक बाईंना विचारलं.

"बसवीन कशाला? तो काय, मागे." बाईंनी स्वतःच्या गोलकडे बोट दाखवलं. "पहिल्या दिवसापासून मागेच खेळतो. तुमच्या पत्रातच होतं ना, गोलसमोर गांगरतो, पुढे खेळवू नये. तुमच्यासारख्यांचा शब्द आम्ही मोडतो होय? पण सोनं दिलंत हो. बचावात राहून चार गोल, सगळे कॉर्नरवर, डोक्याने. आमच्याकडे मागच्या फळीतल्या कोणाला हे जमलेलं नाही. कार्डावर मात्र अजून फॉरवर्डच आहे. बदलायचं राहूनच गेलं."

सरांना ते पत्र आठवलं. खेळाडूला सोडताना दुसऱ्या क्लबासाठी पत्र द्यावं लागतं, आणि त्यात कारण लिहिलं नाही तर ऑफिस ते परत पाठवतं. भाच्याचं नाव तर लिहिता येत नव्हतं. मग चहा निवायच्या आत, उभ्या उभ्या, सुचेल ते खरडलं होतं. गांगरणं म्हणजे काय हे त्या पोराला माहीतसुद्धा नव्हतं.

मध्यंतर झालं. काडी घामाने थबथबलेला धावत आला. त्याचा चेहरा खुलला होता.

"सर, तुम्ही आलात."

"मी पुढे खेळतो, असं बाईंना कधी सांगितलं नाहीस तू?"

"त्याच म्हणाल्या होत्या एकदा, बघ पुढे खेळून. मीच नको म्हटलं."

"का रे?"

"तुम्ही लिहिलं होतं ना. मला आपलं वाटायचं, मी बरे मारतो गोल. पण तुम्ही सात वर्षं मला बघत होतात. तुम्हाला दिसलं असणार." त्याने शर्टाने तोंड पुसलं. "परत बोलवायची मुदत आज संपली ना? काय झालं माझं?"

सरांना पत्राचं सगळं सांगून टाकायचं होतं. पण सांगितलं ते एवढंच.

"नको, असं लिहिलं मी," ते कसंबसं म्हणाले.

काडीने खाली बघितलं. बुटाच्या टोकाने थोडी माती उकरली, पुन्हा सारखी केली.

"तुम्ही लिहिलंत म्हणजे बरोबरच असणार, सर," तो म्हणाला, आणि मागे आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.