पर्समधला रिले

अस्नोडा मागे पडला, खनिजाचे ट्रक सुरू झाले आणि सेजलला काचा वर कराव्या लागल्या. एसीच्या झडपांतून गरम वारा येत होता. मागे लहान मुलांच्या खुर्चीत बांधलेली दीड वर्षाची कोमल टोमॅटोसारखी लाल झाली होती.

एसी का चालत नाही हे सेजलला पक्के ठाऊक होते. त्याचा रिले, म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान अशी काळी डबी, तिच्या पर्समध्ये होता. कोमलच्या तापाच्या औषधाशेजारी.

नणंद मनीषासाठी भिकाजीकाकांनी डिचोलीच्या प्रज्योतचे स्थळ आणले होते. मुलगा गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, स्वतःचे गॅरेज, व्यसन नाही. पण सासूबाई आता कुणाच्या शब्दावर जायला तयार नव्हत्या. गेल्या वर्षी बोटीवर इंजिनियर म्हणून ठरवलेला मुलगा बोटीवर कधी चढलाच नव्हता. सेजलचा नवरा वास्कोच्या बंदरात नोकरीला, म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी निदान कळले तरी. तेव्हापासून मनीषा लग्नाचा विषय काढू देत नव्हती आणि सासूबाईंना झोप नव्हती. पुन्हा तसे झाले तर मनीषाचे लग्न कायमचेच राहणार, हे घरात सगळ्यांना कळत होते. आणि भिकाजीकाकांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते.

रिलेची युक्ती मनीषाचीच.

"एसीचो रिले काढ आणि गाडी त्याच्याकडे घेवन जा," भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती. "खरो आसलो तर लगेच सांगतलो. लबाड आसलो तर काँप्रेसर गेलो म्हणतलो."

सेजल बी.एस्सी. झालेली, पण रिले कुठे असतो हे तिला माहीत नव्हते. मनीषाने बॉनेट उघडून बोटाने दाखवला. कचेरीतल्या ड्रायव्हरकडून कळले, म्हणाली.

एरवी मनीषाचे हल्ली कशातच लक्ष नसे. रविवारी ती कोमलला घेऊन गाडीने म्हापशाला चपला आणायला गेली. दुकान बंद म्हणून चपला न घेताच परत आली, आणि येताना कोमलच्या पायातला एक पिवळा मोजा हरवून आली. सेजलने सीटखाली पाहिले, अंगणात पाहिले, शेजारणीच्या दोरीवर वाळणारे कपडेसुद्धा डोळ्यांखालून घातले. मोजे तिने स्वतः विणलेले. अदलाबदल नको म्हणून कोमलच्या प्रत्येक कपड्यावर ती लाल दोऱ्याची गाठ मारत असे.

"मे महिन्यात मोजे," सासूबाई म्हणाल्या होत्या. "बरां झालां, एक पाय तरी सुटलो."

एसीत पाय गार पडतात, हे सेजलचे म्हणणे. आजही कोमलच्या एका पायात पिवळा मोजा होता आणि दुसऱ्यात पांढरा. एसी मात्र पर्समध्ये.

प्रज्योत बारीक अंगाचा, शांत मुलगा निघाला. त्याने कोमलच्या पायांकडे पाहिले आणि घाईने बॉनेटकडे वळला. इंजिन सुरू करायला लावून त्याने एसीचे बटण दाबायला सांगितले, कान देऊन ऐकले. मग बॅटरीजवळच्या पेटीचे झाकण उघडले.

"वयनी, हांगासरचो रिले नाय."

सेजलने चेहरा शक्य तितका भोळा केला. उंदराने नेला असेल, ती म्हणाली.

"उंदीर झाकण परत लावन जातत?"

सेजलने विषय बदलला. काँप्रेसरच गेला असेल, नवा घालून टाका, खर्चाची काळजी करू नका, असे तिने दोनदा सुचवले.

"बऱ्या काँप्रेसराक हात कित्याक लावचो?" तो म्हणाला. "एक रिले घातलो की झालां. माझ्याकडे पडून आसा."

आणि तो हात धुवायला गेला. साबणाने, कोपरापर्यंत. सेजलने तेही टिपून ठेवले.

तेवढ्यात कोमलने रडायला सुरुवात केली. अनोळखी माणूस दिसला की ती आभाळ डोक्यावर घेई. महिन्याने घरी येणाऱ्या बापालाही तिने एकदा ओरबाडले होते. प्रज्योतने हात पुढे केले तेव्हा सेजल माफी मागायच्या तयारीतच होती. पण कोमल त्याच्या कडेवर गेली, गप्प झाली आणि त्याच्या शर्टाचे बटण चावत बसली.

लेकरांना माणूस कळतो. सेजलला आणखी पुरावा नको होता. दारापर्यंत जाऊन, एक डोळा कोमलवर ठेवून, तिने मोबाइलवर घरी फोन लावला आणि भिकाजीकाकांना होय म्हणून कळवा, असे सांगितले. मुलगा सोन्यासारखा आहे, कधी न पाहिलेल्या माणसाकडे कोमल गेली, यातच काय ते समजा.

सासूबाईंनी तिथूनच मनीषाला विचारले. लांबून तिचा कंटाळलेला आवाज आला.

"तुमका पटलां मगे माझां काय. मी काय त्याका ओळखतंय?"

फोन ठेवायच्या आधीच सासूबाई भिकाजीकाकांकडे निघाल्याही होत्या.

सेजल आत आली. कोमलला कडेवर घेऊनच प्रज्योतने रिलेसाठी टेबलाचा खण ओढला. त्याचा हात रिलेपर्यंत पोचायच्या आत कोमलने वाकून आतून एक पिवळा मोजा काढला. त्याच्या टाचेवर लाल दोऱ्याची गाठ होती.