पहिली मूठ सवाष्णीची

डब्याचं झाकण फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं, तेव्हा कुठे घरातला सकाळपासूनचा गप्पपणा मोडला. धनश्रीनं घाईघाईनं त्यावर हात ठेवला. आजी रागावली नाही. रतनबाईंनी नातीकडे नुसतं पाहिलं, मग सुनेला जवळ बोलावलं आणि तिच्या कपाळावर कुंकू लावलं.

अलीकडे हे रोजचंच झालं होतं. सासू आपल्या हातानं सुनेला कुंकू लावते, याचं गल्लीत मोठं कौतुक होतं.

सून वनमाला कढई घेऊन निघाली. आज मोहनरावांच्या दारात लग्नाच्या आमटीला लावायचं येसर भाजायचं होतं.

पाटोद्याच्या बाजारगल्लीत तिचं मसाल्याचं दुकान होतं. सोयाबीन पावसात कुजलं, कापसाला भाव आला नाही, आणि बाजाराच्या दिवशीही गल्ली ओस दिसू लागली. शेजारचं कापडाचं दुकान बंद झालं. लोक आमटीला येसराऐवजी बेसन लावू लागले. येसरात गहू वाढव, धने कमी कर, कुणाच्या बापाला कळतंय, असं जो तो सांगून गेला. तिनं ते केलं नाही. पुड्या लहान केल्या, धने थेट शेतातून आणले, पाटीवरचा दिवा काढून टाकला. तरी दुकान तगलं ते एकाच गोष्टीवर. लग्नाच्या येसरावर.

लग्न कितीही आटोपशीर केलं तरी पंगतीला येसराची आमटी लागतेच. आणि ते येसर सवाष्णीनंच भाजायचं. पहिली मूठ तिची पडायची, नवऱ्याचं नाव घेऊन.

छबुबाईच्या हाताला आपल्यापेक्षा चव आहे, हे वनमालाही कबूल करायची. पण छबुबाईचा नवरा गेला आणि त्यानंतर लग्नाचं एकही काम तिच्याकडे आलं नाही. आता ती वनमालाकडेच धने निवडायला होती.

"तुझं बरं हाय बाई," वाटेत ती म्हणाली. "चव माझ्याकडं, नवरा तुझ्याकडं. दुकान कुनाचं चालायचं, ते दिसतंयच की."

 वनमालानं कढई दुसऱ्या हातात घेतली.

मोहनराव तालुक्यातले पुढारी. त्यांच्या वैष्णवीच्या लग्नाचं काम जमलं, तर भावकीतली सगळी लग्नं आपोआप तिच्याकडे येणार होती. नाही जमलं, तर दुकानाचं शटर या उन्हाळ्यातच खाली येणार होतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मांडवात बायका जमल्या. नवरीची आई वच्छलाबाई सगळीकडे नजर ठेवून होत्या.

"छबुबाई, तुमी तिकडं भिंतीपाशी बसा. कढईजवळ नको."

छबुबाई सूप उचलून भिंतीपाशी गेली. वनमालानं मान वर केली नाही. चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

मग वच्छलाबाईंनी वनमालाच्या नवऱ्याची, परमेश्वरची चौकशी केली. तो सुरतेकडे टँकरवर ड्रायव्हर. संक्रांतीनंतर वनमाला सासूला आणि पोरीला घेऊन तिकडे जाऊन आली होती. तिथून आल्यापासून धनश्री जरा अबोल झाली होती. शहरगाव बघून पोरं बावरतात, असं शेजारणी म्हणायच्या. आता लग्नाला तरी तो येईल का, असं वच्छलाबाईंनी विचारलं; त्यांना जोडीनं आहेर करायचा होता. मालक सुट्टी देत नाही, असं वनमाला म्हणाली.

"असा कसला मेला मालक, बायकूचं तोंड बघू देईना?" एक म्हातारी म्हणाली. "ध्यान ठिव गं. तिकडं दुसरी केली असंल."

बायका खो खो हसल्या. वनमालाही हसली. मग सगळ्याजणी नाव घे म्हणून मागे लागल्या. तिनं धन्यांची मूठ भरली, घसा साफ केला.

"धने भाजते मंद आचेवर, खमंग सुटला वास,
परमेश्वररावांचं नाव घेते वैष्णवीसाठी खास."

मूठ कढईत पडली. भिंतीपाशी छबुबाई सुपात खाली बघत खडे वेचत राहिली.

लग्न झालं. हंगामातली शेवटची तिथी होती ती. पंगतीत माणसं आमटी वाटीनं मागून पीत होती. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी वनमालाला बोलावून तिची ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं.

"तुळशीच्या लग्नानंतर पुतणीचं हाय. मग आमच्या विजयमालाचं. मूठ तुझीच पायजे बघ. तुझ्या हाताला लई बरकत हाय."

आजूबाजूच्या बायकांनीही आपापल्या घरची लग्नं सांगून टाकली. वनमाला होय होय म्हणत राहिली. दुकान वाचलं होतं. पुढचा हंगामही हातात आला होता.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. रतनबाईंनी लुगड्यावरून हात फिरवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

धनश्री इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. ती उठली. आधी दार लोटून आली, मग आईला खेटून बसली. वनमालानं तिचे केस मागे सारले.

"आई, लगनं संपली ना समदी?"

"संपली गं बाई."

पोरीनं आजीकडे पाहिलं, मग दाराकडे. आवाज आणखी खाली आणला.

"आजी म्हनली व्हती, लगनं होईस्तोवर न्हाई. मंग आता बाबा वारले म्हनून मी रडू का?"