पोच

टर्नरच्या खोलीत भिंतभर परदेशी कार्डं होती. कामावरून आला की तो बिनतारी सेटवरून हाका मारायचा. ज्यांना त्या पोचत, ते अनोळखी लोक ‘ऐकू आलात’ अशी पोच या कार्डांवर लिहून टपालाने धाडायचे. जिन्यात मात्र त्याच्याशी कुणी बोलत नसे. सोमवारी सेट बिघडला आणि खोली मुकी झाली. शुक्रवारी दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या आजी होत्या. “तुझा आवाज माझ्या टीव्हीत घुसतो.” तो ओशाळला. “माफ करा आजी, पण सेट बंदच आहे.” “म्हणून तर आले. रोज विचारतोस, कुणी ऐकतंय का. मी आपली टीव्हीला सांगते, हो बाबा, ऐकतेय. आता घर खायला उठतं.” त्याने कोरं कार्ड पुढे केलं. “काय लिहू?” “आवाज कसा यायचा ते.” आजींनी ते भिंतीला टेकवून लिहिलं, ‘घरातल्या माणसासारखा.’