न मागवलेला मार्तबाक

मलांग शहरातल्या निकेनने मागे लागलेल्या हेंद्रोला लग्नाला नाही म्हटलं आणि त्या दिवसापासून तिच्या दारात मार्तबाक, म्हणजे अंडं भरलेले तळलेले पराठे, येऊ लागले. नाव तिचं, पत्ता तिचा, पैसेही तिनेच द्यायचे. ऑर्डर मात्र हेंद्रोची, दर वेळी नव्या नंबरावरून. सोबत निरोप, 'आज पिवळा ड्रेस छान दिसला.' फाटकाशी मोटारसायकल थांबली की निकेन आधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

शेवटी ती पोलीस चौकीत गेली. साहेब हसले. "खायलाच पाठवतोय ना? अगं पोरी, एवढं जीव लावणारं माणूस मिळायला नशीब लागतं!"

परतताना ती गल्लीच्या तोंडाशी, डिलिव्हरीवाल्यांच्या अड्ड्यावर थांबली. तिने परत पाठवलेले मार्तबाक त्यांच्याच गळ्यात पडत होते. त्यांच्यातला थोरला सुगेंग म्हणाला, "त्याचं नाव सांग ताई, आणि कुठे भेटतो तेवढं सांग. बाकी आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवसापासून हेंद्रो जाईल तिथे हेल्मेटवाले हजर. दुकानासमोर, चहाच्या टपरीवर, एकदा तर न्हाव्याच्या आरशातसुद्धा. अंगाला हात नाही, तोंडात शिवी नाही. नुसती पिशवी पुढे करून अदबीने विचारायचे, "दादा, मार्तबाक गार झालाय. गरम करून आणू?"

आठवड्याभरात हेंद्रो धापा टाकत चौकीत शिरला. "साहेब, वाचवा! जिथे जावं तिथे माणसं मागे! सारखी खायला घेऊन येतात!"

 

साहेबांनी तोंडातला मार्तबाकचा घास सावकाश गिळला. "अरे पोरा, एवढी जीव लावणारी माणसं मिळायला नशीब लागतं!"