खिट्टी

"वजन दोनशे ग्रॅमने जास्त भरतंय. ती लोखंडी खिट्टी काढ," मी शलाकाला तिसऱ्यांदा सांगितलं. स्पर्धेच्या शेवटच्या वीस सेकंदांत आमच्या कॉलेजच्या रोबोटला उंच दांड्यावर चढून लटकायचं होतं, आणि चढायची यंत्रणा व तिला जागच्या जागी अडकवून धरणारी ती खिट्टी तिने बनवली होती.

"खिट्टी राहणार, सर," ती म्हणाली आणि वजन कमी करायला तिने रोबोटचं झाकणच काढून ठेवलं.

हट्टी पोरगी. पण मी तिला अडवलं नाही. इमारत रंगवताना तिचे बाबा दोराला टांगलेल्या झुल्यासकट सहाव्या मजल्यावरून पडले होते, हे मला माहीत होतं. खाली दोर धरून उभा राहणारा माणूस तेवढ्यात चहाला गेला होता.

स्पर्धेत भोंगा वाजला आणि सगळ्या रोबोटची वीज बंद केली गेली. बाकीचे रोबोट हळूहळू घसरत खाली आले. आमचा एकटा तसाच लटकत राहिला. पोरं नाचायला लागली.

"आता उतरवा," पंच म्हणाले. मी स्टुलावर चढून खिट्टी ओढली. हलेना. ठोकून पाहिली, तरी हलेना.

"अगं, सोडवायची काही सोय केलीस की नाही?" मी चिडून विचारलं.

शलाका नाचत नव्हती. भोंगा वाजल्यापासून ती रोबोटच्या खाली दोन्ही हात वर करून उभी होती. हात वीतभर कमी पडत होते.

"केलीय, सर," ती म्हणाली. "खालून कोणी उचलून धरल्याशिवाय ती सुटतच नाही."